अकरावा किल्ला

३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. रागात असले तरी थोरल्या बहिणीला ते द्यावेच लागतात.

मी घरच्या ग्रुपमधून बाहेर पडले म्हणून तू तीनदा फोन केलास. उचलला नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून हे पत्र.

रविवारी जेवताना, माझ्या लेकीच्या होणाऱ्या नवऱ्यासमोर, तू पुन्हा तीच टेप लावलीस. म्हणे ताईचं बोलणं निम्मंच खरं धरायचं. बाबांनी आणलेल्या काळ्या व्हिडिओ गेममधला अकरावा किल्ला जिंकल्याचं ती गावभर सांगत फिरायची, आणि खेळात किल्ले होते दहाच! सगळे हसले. तो पाहुणाही हसला, न हसून सांगतो कुणाला. मी तुला हळूच पुरे म्हटलं, तर छाती फुगवून तू सांगितलंस की हे तुझं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. नववीला नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस तू!

एक वेळ किल्ल्याचं राहू दे. मी सतरा वर्षांची होते तेव्हाचं आठव. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर त्यांचा तोल गेला, त्यांनी डोळे मिटून पाटीची कड धरली, हे मी बघितलं आणि घरी येऊन सांगितलं. तू म्हणालास, झाला हिचा अकरावा किल्ला सुरू. सगळे हसले, बाबासुद्धा. नवव्या दिवशी ते शिडीवरून पडले. त्यानंतर शिडी सुटली ती सुटलीच. उरलेलं आयुष्य जमिनीवर बसून नंबरप्लेटा रंगवण्यात गेलं. तेव्हा तू चौदाचा होतास, तुला दोष देत नाही. आता अठ्ठेचाळीसचा आहेस.

तेव्हा ऐक. ते मशीन मी शोधून काढणार आणि तुझ्या नाकासमोर अकरावा किल्ला जिंकून दाखवणार. आईच्या गुडघ्याला तेल लावतोस ना वेळेवर?

राग आहे, पण माया त्याहून जुनी आहे.
तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र दारातच उभ्याने वाचलं. बाबांबद्दल लिहिलंस त्यावर आत्ता काही लिहीत नाही. मला ते तसं आठवत नव्हतं. आईला विचारतो.

बाकी गेमच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. दहावा किल्ला संपला की दार उघडतं आणि तो बुटका शिपाई पुन्हा पहिल्या किल्ल्यात येऊन पडतो. मी स्वतः चारदा पोचलोय. वर्गातल्या सगळ्यांचं हेच म्हणणं होतं. आणि मशीन कुठून आणणार? आपलं कधीच भंगारात गेलं. मी गेल्या वर्षी हौसेने शोधलं तर कुठे नुसता डबा, कुठे रिमोटची वायर उंदरांनी खाल्लेली, कुठे फक्त फोटो आणि माणूस गायब.

तरी पैज लावतो. तू अकरावा दाखवलास तर जावईबापूंना स्वतःच्या हाताने पत्र लिहून माफी मागीन. हरलीस तर ग्रुपमध्ये परत यायचं, कुरकुर न करता. आईचा गुडघा बरा आहे. तेल मीच लावतो, वास माझ्या शाळेपर्यंत येतो.

चूकभूल पोटात घालणारी तूच आहेस, ते चालू ठेवावंस.
तुझा ढब्बू


९ मार्च

चि. ढब्बूस,

अ. आ.

एवढे दिवस पत्र नाही, कारण दिवसा मी लोकांचे दात घडवते आणि उरलेल्या वेळात स्वतःचे खाते. काय सांगू या शोधाच्या तऱ्हा! एका दुकानाने ‘अस्सल जुनं’ म्हणून मशीन पाठवलं. वर लिहिलेलं, नऊशे नव्याण्णव खेळ. मोजले तर खेळ नऊच, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. आणि प्लास्टिक इतकं ताजं की खोलीभर वास. मी दुकानाच्या पानावर खरं तेच लिहिलं. मालकाचा फोन आला, लिहिलेलं काढून टाका म्हणून. मी विचारलं, मग तुम्ही अस्सल जुनं असं का लिहिलंत? तर म्हणाला, ते त्याचं मत आहे आणि मत मांडायचं स्वातंत्र्य सगळ्यांना असतं. चोराच्या उलट्या बोंबा! क्षणभर वाटलं, तुझा विद्यार्थी असावा. मी लिहिलेलं काढलं नाही.

दुसरे एक गृहस्थ जुनी मशीनं काचेच्या कपाटात ठेवतात. चालू करून बघते म्हटलं तर असे दचकले, जसं काही मी त्यांच्या आजोबांना नाचायला सांगितलं.

आता आनंदाची बातमी. आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे एक म्हातारे टीव्ही मेकॅनिक येतात. तीन कवळ्या परत केल्या, तिन्ही टोचतात म्हणून. डॉक्टर वैतागले, तेव्हा मीच साचे आणि मेण घेऊन त्यांच्या दुकानी गेले. दोन तास घासून चौथी कवळी बसवली. त्यांनी आरशात बघून पहिल्यांदा तोंडभर हसून दाखवलं, आणि त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर मला ते काळं मशीन दिसलं. तेच! कॅसेटसकट, आणि ती लावायला जुना टीव्हीही. विकणार नाहीत म्हणाले, पण दुकानात बसून हवं तितकं खेळा. शिवाय किल्ले दहाच आहेत असंही त्यांनी ठासून सांगितलं. म्हणजे साक्षीदार माझ्या बाजूचा नाही, हेही तुझ्या मनासारखं झालं.

बावीस तारखेला रविवार आहे. ये.

तुला बघायची इच्छा आहेच, पैज बाजूला.
ताई


१६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

येतो. त्याआधी दोन गोष्टी लिहायच्या आहेत, समोर बोलता येणार नाहीत.

आमच्या वर्गात एक मुलगी अडखळत बोलते. परवा दुसरीने फळ्यावर तिचं नाव लिहिलं, एकेक अक्षर तीन-तीनदा. मी ओरडलो, तर ती उभी राहून शांतपणे म्हणाली की सर, हे माझं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. ती अडखळणारी मुलगी मान खाली घालून कर्कटकाने बाक कोरत होती. धडा मी वीस वर्षं शिकवतोय ताई, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट शिकवला. सत्तेने आपलं तोंड दाबू नये, यासाठी ते स्वातंत्र्य आहे. आपण ज्याला टोचलं त्याने हसत बसावं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्यालाही तोंड आहे. शिकवता शिकवता मला ते रविवारचं जेवण आठवलं.

दुसरं. आईला विचारलं. ती म्हणाली की तू सांगितलंस त्याच दिवशी बाबांनी तिच्याजवळ कबूल केलं होतं, महिनाभर चक्कर येतेय. काम जाईल म्हणून कुणाला बोलू नको म्हणाले. आम्ही सगळे तुला हसलो ते त्यांना सोयीचं पडलं. पोरीला खोटं पडू दिलं, असं म्हणून आई रडली. तुला फोन करायचं धाडस तिला होत नाही. तूच कर.

हे वाचून पैज सोडू नकोस. दहाच आहेत किल्ले.

तुझ्या मनात जागा ठेवावीस.
ढब्बू


२४ मार्च

चि. जावईबापूंस,

अनेक आशीर्वाद. मामेसासऱ्याचं पत्र आलं म्हणून घाबरू नका. मी पैज हरलोय, त्याची ही फेड आहे.

जेवताना मी तुम्हाला सांगितलं होतं की ताईचं निम्मंच खरं धरा. ते मागे घेतो. रविवारी मी टीव्ही मेकॅनिकच्या दुकानात स्टुलावर बसलो होतो. पहिल्या डावात ताई सहाव्या किल्ल्यात मेली, दुसऱ्यात नवव्यात. अंगठा लाल झाला. मी पुरे म्हटलं, तर तिने माझ्याकडे बघितलंही नाही. दात घडवणारी बोटं आहेत ती, थरथरत नाहीत. तिसऱ्यांदा दहाव्या किल्ल्याच्या दारापाशी पोचली तेव्हा शिपायाचा एकच जीव उरला होता. मी आणि मेकॅनिक एकमेकांकडे बघून हसलो. आता दार उघडेल आणि पुन्हा पहिला किल्ला.

तिने दार उघडलंच नाही. पाठ फिरवली आणि आल्या वाटेने उलटी पळत सुटली, पार सुरुवातीच्या पुलापर्यंत. तिथे शिपायाला खाली बसवलं. पूल सरकला, शिपाई विहिरीत पडला आणि पडद्यावर निळा, कधी न पाहिलेला किल्ला उभा राहिला. अकरावा. तेराव्या वर्षी एकच जीव उरल्यावर दार उघडायची भीती वाटली, म्हणून ती मागे पळाली होती. आम्ही सगळे शूर, पुढेच धावलो.

तोही जिंकली. मेकॅनिक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि नवी कवळी जराही हलली नाही. मीही उभा राहिलो. मला रडू आलं, हे तुम्ही घरात सांगायला हरकत नाही.

ताई सांगेल ते अख्खं खरं धरा. मी अडतीस वर्षं उशीर केला.

आमच्या घरावर प्रेम करावंत, माझ्या वागण्यासकट.
तुमचा मामेसासरा


२६ मार्च

चि. ढब्बूस,

अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. जावयाने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि लेकीने टेबलावर थाप मारून आणखी एकदा वाचायला लावलं. आईशीही बोलले. आम्ही दोघी आधी रडलो, मग बाबांच्या हट्टावर तासभर हसलो. ग्रुपमध्ये परत आलेय, कुरकुर न करता, न हरता.

पण एक गोष्ट तू जावयाला लिहिली नाहीस, म्हणून मी तुला लिहिते. जिंकल्यावर मेकॅनिक चहा ओतत होते, तुम्ही दोघं तावातावाने त्या पुलाबद्दल बोलत होतात. मी मध्येच म्हणाले की काहीतरी जळतंय. मेकॅनिकनी हवा हुंगली आणि काही नाही म्हणाले. तुलाही वास येत नव्हता, तुझ्या तोंडावरच दिसत होतं. तरी तू कप खाली ठेवलास, एका शब्दाने विचारलं नाहीस, सरळ उठून भिंतीवरचा मोठा खटका बंद केलास. मग मेकॅनिकनी फळी बाजूला केली, तर मागची वायर वितळून भिंतीला चिकटली होती.

त्यांनी तुझे हात धरून आभार मानले. माझं मात्र राहिलं, ते इथे लिहिते. ढब्बू, किल्ला मी तेराव्या वर्षीच जिंकले होते. रविवारी जिंकले ते हे.

असाच उठत जा.
तुझी ताई