डावी बाहुली

९ जानेवारी २०२१

माती आली! आणि आल्या आल्या भांडण.

निधी म्हणते, "आई, कार्पेटवर नको." सलील म्हणतो, "शेडमध्ये कर." शेडमध्ये? बाहेर दव गोठून गवत पांढरं झालंय, आत सायकली आणि जुनी गादी — तिथे आठ वर्षांच्या पोरीला बसवू? सुनेचं कार्पेट आणि मुलाची शेड यांच्यात शेवटी तह झाला. युटिलिटी रूम. म्हणजे कपडे धुवायची खोली. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला मी. जन्मभर कोल्हापुरात शिल्पकला शिकवली, तिथल्या दोन चौकांत माझ्या हातचे पुतळे उभे आहेत, आणि इथे परदेशात, मुलाच्या गावी ल्यूकनमध्ये, माझा स्टुडिओ मोज्यांच्या टोपलीशेजारी!

असो. मागच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले होते. तेव्हापासून लॉकडाउनमध्ये अडकले ती अडकलेच. पोळ्या लाटून झाल्या, लोणची घालून झाली, शेजारच्या बाईंना नमस्कार करून झाला. आता मुक्ताचं डोकं करायचं आणि मगच जायचं. नातीचे हे गाल पुढच्या वर्षी राहणार नाहीत. पोरं इथे फार भराभर वाढतात.

१० जानेवारी

सलीलने आज मला उपाय सुचवला. "आई, फोनने पाच मिनिटांत स्कॅन होतं. आमच्या चिपच्या कारखान्यात एकाकडे प्रिंटर आहे, प्लास्टिकमध्ये काढून देईल." वर त्या माणसाच्या मुलाचं डोकं फोटोत दाखवलं. डोळे म्हणजे सोललेली अंडी!

"यात मुलगा कुठे आहे?" मी विचारलं.

"सेम टू सेम आहे की, आई."

सेम टू सेम! याला मी वाढवलं.

१७ जानेवारी

इथल्या मराठी मंडळाचा झूमवरचा तिळगूळ. राग अजून उतरलेला नाही.

देवदत्त म्हणून मंडळाचा सेक्रेटरी आहे, नागपूरचा. त्यानेच फोन केला होता — "काकू, तुमच्या आवडत्या विषयावर बोला ना." मी खरं मानलं. उदों या फ्रेंच शिल्पकारावर बोलायचं ठरवलं. तयारी केली, चित्रं काढून ठेवली. कार्यक्रमात मला बसवलं कुठे? उखाणे आणि अंताक्षरीच्या मध्ये! आणि ओळख काय? "सलीलच्या आई, लीलाकाकू, आपल्याला हौडन नावाच्या मूर्तिकाराची माहिती देतील."

हौडन! उदों रे बाबा, ज्याँ-आन्त्वान उदों. अडीचशे वर्षांपूर्वीचा फ्रान्सचा सगळ्यात मोठा चेहरेकार. बाप शिल्पकारांच्या शाळेत दारावरचा राखणदार. पोरगा त्या आवारात माती खेळत वाढला. राजे केले, तत्त्ववेत्ते केले, स्वतःच्या तिन्ही मुली केल्या. वॉशिंग्टनचं डोकं करायला समुद्र ओलांडून गेला, त्याच्या तोंडावर प्लास्टर घातलं, कंपासने मापं घेतली. आणि डोळे! त्याच्याआधी कितीकांनी गुळगुळीत कोरे डोळे करून ठेवले. हा बुबुळ खोल कोरायचा आणि आत वरच्या कडेला संगमरवराचा एक कण तसाच सोडायचा. उजेड त्या कणावर थांबतो आणि दगड आपल्याकडे बघायला लागतो.

त्या कणापाशी मी पोचले आणि देवदत्त म्हणाला, "काकू, थोडं आवरतं घ्या हं." खाली कोणीतरी लिहून विचारलं, काकू गणपतीच्या ऑर्डरी घेतात का, शाडूच्या.

मी लॅपटॉप मिटला. सलील म्हणतो मला नीट निरोप घेता आला असता.

२३ जानेवारी

डोकं उभं राहिलं. कवटी आली, हनुवटी आली, निधीकडून आलेलं ते हट्टी कपाळ आलं. मुक्ता छान बसते. मी एक डोळा मिटून, हात लांब करून, कोरणी आडवी धरून तिला मापते, तेव्हा तीही एक डोळा मिटून मला मापते. बरं वाटतं.

संध्याकाळी तिला सांगितलं, "उद्या तुझी बाहुली कोरायची हं. चांगली खोल कोरणार." पोरीचा चेहराच उतरला. थकली असेल.

२४ जानेवारी

मुक्ता बसायला आली नाही. निधी म्हणते, रात्रभर रडत होती. "आई, तुम्ही नक्की काय बोललात तिला?" म्हणजे मी काहीतरी बोललेच असणार, हे आधीच ठरलं!

२६ जानेवारी

उलगडा झाला. हसावं की डोकं फोडून घ्यावं!

आज जिन्यात गाठून विचारलं, तर छातीवर हात घेऊन उभी राहिली. "यू कान्ट हॅव हर, आजी. शी'ज इन द हॉट प्रेस." हॉट प्रेस म्हणजे इथे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, टॉवेल ठेवतात त्यात. उघडलं. टॉवेलांच्या मागे तिची बाहुली — नोरा. आजी हातात कोरणी घेऊन म्हणाली, बाहुली कोरणार, खोल. म्हणून लपवली!

घरात मराठी बोला, मराठी बोला, म्हणून मी वर्षभर घसा फोडते ते यासाठी. हे दोघं पोरीशी "शूज घाल", "मिल्क संपव" एवढंच मराठी बोलतात. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतात, हे तिला कोण सांगणार? मशीन?

जिन्यातच बसवलं तिला. म्हटलं, माझ्या डोळ्यात बघ, अगदी जवळून. बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ओह. दॅट्स मी इन देअर."

"म्हणूनच बाहुली म्हणतात तिला."

बसायला तयार झाली, पण अटीवर. नोराही बसणार. मशीनवर, तिच्या शेजारी. बसू दे.

२ फेब्रुवारी

डावा डोळा खाली आलाय! मातीतला. मुक्ताचा डावा, म्हणजे माझ्या समोर उजवीकडे. परवा दोन्ही डोळे एका रेषेत बसवले होते. एक डोळा मिटून, नाकाच्या मुळाशी नजर रोखून दोन्हीकडचं तोलायचं, ही माझी पद्धत, चाळीस वर्षं मुलांना शिकवली. आज तोलते तर डावा घसरलेला, बुबुळही ओढल्यासारखं.

वॉशिंग मशीन! फिरताना जमीन हादरवतं. ओली माती, दुसरं काय होणार? निधीला म्हटलं, मी काम करेपर्यंत कपडे नका धुऊ. ती म्हणाली, "आई, मग आम्ही घालायचं काय?"

डोळा वर उचलून बसवला.

५ फेब्रुवारी

पुन्हा उतरला. मशीन बंद होतं! म्हणजे कोणीतरी हात लावलाय. मुक्ता शपथ घेते, नाही. मग राहिला कोण? सलीलला लहानपणापासून ओल्या मातीत बोट खुपसायची खोड आहे. त्याला विचारलं. मीटिंग सोडून आला आणि म्हणाला, "आई, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे."

हे काय उत्तर झालं?

६ फेब्रुवारी

मातीवर गुंडाळलेल्या ओल्या फडक्याला गाठ मारून ठेवली होती. गाठ तशीच आहे. डोळा उतरलाय.

११ फेब्रुवारी

आज लिहवत नाही, पण लिहिते.

माती सोडून मुक्ताकडे बघत होते. नाकाच्या मुळाशी नजर. तिचाच डोळा खाली आहे. मातीचा नाही, तिचा! डावी पापणी लोंबल्यासारखी, बाहुली गोल नाही, खाली ओघळलेली. हात थांबला माझा. परत मापलं. परत तेच.

म्हणजे माती खरं सांगत होती, आणि मी वेडी ती रोज दुरुस्त करत होते.

"आजी, आर यू ग्रँड?" पोरीने विचारलं. ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत ठीक, म्हणाले. नसेचं असेल का? डोक्यात काही? लहान मुलांना काय काय होतं. कोल्हापुरात शेजारच्या घरातलं पोर असंच एक डोळा पडला म्हणून दाखवायला नेलं होतं. नको ते आठवतं.

१२ फेब्रुवारी

पितळी कंपास काढला. मुक्ताच्या भुवईपासून बाहुलीपर्यंत — डावीकडे, उजवीकडे. सारखं. परत घेतलं. सारखं.

कंपासाचा स्क्रू सैल झालाय, नक्की. मी मुलांना नेहमी सांगायची, डोळा मालक, कंपास नोकर. उदोंने सगळी मापं घेतली ती घेतलीच, पण चेहरा त्याने बघून केला. मला दिसतंय ते दिसतंय!

१४ फेब्रुवारी

सलीलला सांगितलं. निधी नसताना, स्वयंपाकघरात, हळू आवाजात.

त्याने मुक्ताला बोलावलं, खिडकीपाशी उभं केलं, बघितलं. "आई, काही नाहीये."

"नीट बघ."

"बघतोय. काही नाहीये. तूच म्हणतेस ना, कुठलाच चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो?"

माझंच वाक्य माझ्या तोंडावर! मी म्हटलं, मी चेहरे बघण्यात आयुष्य घालवलं, तू चिपा बघण्यात घालवलंस, तुझ्या मुलीच्या तोंडावर काय आहे ते तुला मीच सांगणार. तो म्हणाला, "तुला घरात बसून बसून काहीही दिसायला लागलंय." आणि वर गेला.

काहीही दिसायला लागलंय! आईला असं बोलतात?

१६ फेब्रुवारी

निधीला कळलंच. रडली. आधी मुक्ताला जवळ घेऊन, मग माझ्यावर. "दोन आठवडे तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही माती थापत बसलात?" मग पाच मिनिटांनी उलट — "आणि काही नसेल तर? तिला किती घाबरवलंत!" एकाच श्वासात दोन्ही गुन्हे माझेच.

पण उठली तीच. डॉक्टर प्रत्यक्ष भेटत नाहीत, फोनवर बोलतात. फोनवर डोळा कसा बघणार? शेवटी डोळ्यांच्या दवाखान्यातली वेळ मिळवली, सव्वीस तारखेची. तोवर पोरीला सगळे घरात चोरून बघतात. सलीलसुद्धा. आज जेवताना दोनदा बघितलं त्याने. माझ्याशी बोलत नाही, पण बघतो.

मला जेवण जात नाही. देवा, माझं खोटं ठरू दे. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच मागितलं असेल.

२६ फेब्रुवारी

हा डॉक्टर आहे की कोण!

मी हट्टाने बरोबर गेले. आत एकच मोठं माणूस सोडत होते, म्हणून निधी आत, मी गाडीत. काच खाली करून थंडीत बसले. बाहेर आल्या तेव्हा मुक्ताच्या हातात स्टिकर होता. निधीने सांगितलं, थेंब घातले, दिवा मारला, आकडे वाचून घेतले. दोन्ही डोळे उत्तम. "परफेक्ट लिटल आइज" म्हणे.

"आणि डावी बाहुली?"

"आई, त्यांनी दोनदा बघितली. काही नाही."

पोरीच्या तोंडावर मास्क होता! नाक झाकलेलं, हनुवटी झाकलेली. मध्यरेषाच दिसत नाही तर डोळा उतरलाय हे त्याला कळणार कसं? मी गाडीतच हे बोलले. निधीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली, आणि समोर बघत म्हणाली, "आई, पुरे. प्लीज. आता पुरे." असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

दुसरा डॉक्टर बघणार मी. माझ्या पैशाने. तोवर मातीला हात लावणार नाही. खोटा सरळ डोळा माझ्याने करवणार नाही.

१ मार्च

मुक्ताची शाळा उघडली. घर रिकामं. सलील आज "चहा घे" म्हणाला. एवढंच.

४ मार्च

मुक्ता शाळेतून आल्यावर शिल्पकार झाली होती. नोराला मशीनवर बसवलं, हात लांब केला, माझ्यासारखा एक डोळा मिटला आणि मला म्हणाली, "तूही कर, आजी." केलं. नाकाच्या मुळाशी नजर. नोराचा डावा डोळा खाली उतरलेला. प्लास्टिकच्या बाहुलीचा!

मुक्ता हसली. "यू ऑल्वेज शट द सेम वन."

मग दुसरा, उजवा, मिटून डाव्याने बघितलं. नोराचे डोळे सरळ. मुक्ताचे सरळ. मातीतला डावा मात्र वर, कपाळाकडे, मीच चढवलेला.

पोरीला काही झालेलं नाही. काही झालेलं नाही! माझ्या उजव्या डोळ्यात झालंय. सलीलची मीटिंग संपली की त्याला सांगते.