ज्ञानदाची मोठी युनिव्हर्सिटी

२ जुलै २००१, सोमवार
ज्ञानदाला कोकणातल्या त्या छोट्या विद्यापीठाचं पत्र आलं. एम.एस्सी., सागरी जीवशास्त्र. सीट पक्की, हॉस्टेल पक्कं. आमच्या गावापासून एसटीने तासभर. पोरगी पत्र घेऊन घरभर नाचली. मी शांत राहिलो. घरात एकाने तरी लांबचं बघायला हवं. वडील गाव सोडून मुंबईला आले, मी वसईच्या एव्हरशाईन सिटीत वन बीएचके घेतला, तो काय नातीने परत तिकडेच शिकायला जावं म्हणून? मुंबईच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत तिचं नाव वेटिंगवर आहे. गणपतीला गावी जाणाऱ्या माणसाला विचारा, वेटिंग म्हणजे जवळपास कन्फर्म.

४ जुलै
सुनंदा म्हणते, पोरीला समुद्राचा अभ्यास करायचाय, तर जाऊ द्या की तिला. मी म्हटलं, समुद्र मुंबईलाही आहे. यावर बायको उठून कांदा चिरायला गेली.

७ जुलै, शनिवार
आचोळ्याच्या जयरामशेठना भेटलो. धंदा रेती-सिमेंटचा, पण युनिव्हर्सिटीत त्यांचा माणूस आहे. म्हणाले, भाऊ, टेन्शन नाय घ्यायचं, आपला माणूस एकदम आतला आहे. फार बरं वाटलं.
संकल्प: यापुढे काळजी बंद. मॉर्निंग वॉक सुरू.

८ जुलै, रविवार
उशिरा उठलो. ग्रामस्थ मंडळाची मीटिंग. (मी वसई शाखेचा सरचिटणीस.) गुणवंतांच्या सत्काराचा विषय निघाला. कुणीतरी विचारलं, तुमची ज्ञानदा कुठे जातेय? तोंडातून निघून गेलं, मोठ्या युनिव्हर्सिटीत. टाळ्या पडल्या. खोटं नाही बोललो. थोडं आधी बोललो, इतकंच. घरी येऊन तिच्या सत्काराचं भाषणही लिहून टाकलं. उत्तम उतरलंय.

१२ जुलै, गुरुवार
ज्ञानदा म्हणाली, पप्पा, सोमवारी तिकडे हजर व्हायचंय, तिकीट काढू ना? बघतो म्हटलं. संध्याकाळी एसटीडी बूथवरून विद्यापीठाला फोन करून नम्रपणे नकार कळवला. उद्या मंडळाला काय तोंड दाखवायचं? तिकडचा क्लार्क विचारत होता, मुलीला विचारलंत ना? लहान गावातल्या माणसांना चौकशा फार. घरी अजून बोललो नाही. मोठ्या युनिव्हर्सिटीची बातमी आली की दोन्ही एकदम सांगेन.

१५ जुलै, रविवार
ती बॅग भरत बसली होती. सांगावंच लागलं. रडली नाही. भरलेले कपडे एकेक करून परत कपाटात लावले. सुनंदा मात्र फार बोलली. ते इथे लिहायचं कारण नाही.
वॉक उद्यापासून.

२४ जुलै, मंगळवार
जयरामशेठचा आतला माणूस भेटला. युनिव्हर्सिटीत कँटीन चालवायचा. गेल्या वर्षी काँट्रॅक्ट सुटलं. चहा मात्र फक्कड पाजला. म्हणाला, साहेब, मी तिथे सगळ्यांना ओळखतो. त्याला कोण ओळखतं, हे विचारायचं राहून गेलं.

३० जुलै, सोमवार
शेवटची यादी लागली. नाव नाही. वेटिंग जिथल्या तिथे. यंदाची मुलं हेकेखोर, एकानेही सीट सोडली नाही. वसईला उतरल्या उतरल्या कोकणात फोन लावला. तोच क्लार्क. म्हणाला, तुमची सीट दुसऱ्याच दिवशी वेटिंगवरच्या मुलाला दिली.
म्हणजे वेटिंग क्लिअर होतं ते छोट्या विद्यापीठात. सगळा कारभारच उलटा.

१८ ऑगस्ट, शनिवार
ज्ञानदा स्टेशनजवळ शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला लागली. टाक्यांतलं पाणी बदलते, गिऱ्हाइकांना मासे पिशवीत भरून देते. वर्षभराचाच प्रश्न आहे. आणि शेवटी मासे ते मासेच. माझ्याशी कामापुरतं बोलते. पोक्तपणा आला. सुनंदाच्या मते तो पोक्तपणा नव्हे.

९ सप्टेंबर, रविवार
मंडळाचा सत्कार समारंभ. शाल-श्रीफळाचं ताट धरायला कुणी नव्हतं म्हणून ज्ञानदा उभी राहिली. पहिला सत्कार नालासोपाऱ्याच्या संकेतचा. एम.एस्सी., सागरी जीवशास्त्र, कोकणातलं तेच विद्यापीठ. त्याची आई ज्याला त्याला सांगत होती, सीट गेलीच होती हो, कुण्या मुलीने आयत्या वेळी नको म्हटलं, देवच पावला.
भाषण माझ्याकडे तयार होतं. वाचताना फक्त नाव बदलायचं होतं. माइकसमोर गेलो आणि सवयीने वाचून बसलो, आपल्या गावची कन्या, कुमारी ज्ञानदा. ताटावरची नजर न हलवता ज्ञानदा हळूच म्हणाली, पप्पा, संकेत.
मी दुरुस्त केलं. तिने ताट पुढे केलं, मी संकेतला शाल घातली, नारळ दिला. टाळ्या पडल्या. हातात ताट असल्यामुळे तिला वाजवता आल्या नाहीत.
घरी येताना ती पुढे, मी मागे. फार वाईट वाटत होतं. हाक मारावी असं दोनदा मनात आलं. मारली नाही.
आज संकल्प नाही.