सगळे खाली गेले, तो गेला नाही

सावदा, ता. ४ फेब्रुवारी १९३५

तीर्थस्वरूप अक्का यांस, धाकट्या लीलाधरचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या शालिग्रामची ट्रंक परवा विलायतेहून आली. कोट, बूट, दाढीचं सामान आणि तीन जाड इंग्रजी पुस्तकं, तिन्ही त्या रग्बी खेळावरची. कपड्यांना वच्छलेने, त्याच्या आईने, कोणाला हात लावू दिला नाही. पुस्तकं तुझ्याकडे पाठवतो आहे. घरात इंग्रजी येणारा माझा मुलगाच होता. तो गेला, आता तूच.

नोव्हेंबरात त्यांच्या कॉलेजच्या संघाच्या कप्तानाचं पत्र आलं, ते तूच मराठीत करून दिलं होतंस. त्यात होतं, की जूट कोसळली, सगळे खाली गेले, एकटा शालिग्राम गेला नाही, आणि त्याची मान मोडली. ती ओळ मी माझ्या तालमीत सगळ्यांना ऐकवली. सातव्या वर्षापासून मी त्याला एकच शिकवलं होतं, की डोकं मातीत रोव, मानेवर बैल पेल, पण पाठ लागू देऊ नकोस. दोन गडी मानेवर उभे केले तरी तो हलायचा नाही. अशी मान आपोआप मोडेल? तो कप्तान त्याच्या मागेच रेटत होता, असं त्यानेच लिहिलं आहे. जळगावचे वकील म्हणतात, त्याचं नाव घालून गव्हर्नरसाहेबांकडे अर्ज करू, वर्तमानपत्रातही देऊ. पाडव्याला अर्ज जायचा आहे.

तू पुस्तकं वाच आणि गोऱ्यांनी काय केलं ते शोधून दे. वच्छला तीन महिने बोलत नाही. ट्रंक उघडली तेव्हा एवढंच म्हणाली, की तो काय खेळत होता ते तरी मला कोणी सांगा.

तुझा लोभ आहे म्हणूनच मागतो.

लीलाधर

धुळे, ता. १५ फेब्रुवारी

चि. लीलाधर यास इंदिरेचे अनेक आशीर्वाद.

पुस्तके पोचली. पोस्टमन म्हणाला, की बाई, शाळेतून निवृत्त झालात तरी पुस्तके काही सुटत नाहीत. सुंदरबाई भांडी घासता घासता विचारत होती, की हाई बठ्ठं पुस्तक चेंडूनंच शे का. मी म्हटले, हो, सगळे चेंडूवरच आहे, तेव्हा तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिले.

दोन वाचून झाली. पहिले खेळाच्या इतिहासाचे. चेंडू उचलून पहिल्यांदा कोण पळाला, यावर चाळीस पाने भांडण आहे. दुसरे नामांकित खेळाडूंचे. सगळ्यांना मिशा आणि सगळ्यांना एकेक कर्नल मामा. वच्छलेला सांग, की चेंडू नारळासारखा लांबट असतो. तो घेऊन पुढे पळायचे, पण सोबत्याकडे फेकायचा तर मागेच फेकायचा. सरकार आपल्याला सुधारणा देते ती रीत कोठली, ते मला या वयात समजले. खेळ अडला की दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण वाकतात, एकमेकांना घट्ट धरून डोकी अडकवतात आणि रेड्यांसारखे रेटतात. याला स्क्रम म्हणतात. पत्रातली जूट ती हीच. शिकलेसवरलेले लोक हे भर चिखलात करतात आणि नंतर चहा पितात.

तिसरे पुस्तक शिकवणीचे, खेळ कसा शिकवावा याचे. त्यात शालिग्रामच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ते अजून मला उघडवत नाही.

तोवर वकिलांना थांबव. दोषीच शोधायचा तर एक धुळ्यातही आहे. पहिल्या वर्षी पोराने मला लिहिले होते, की आत्या, येथे माझ्याशी कोणी बोलत नाही, मी खोलीत एकटा जेवतो. मी उलट टपाली झापले, की रडत बसू नकोस, त्यांच्या खेळात शीर. तुम्हा सगळ्यांशी भांडून त्याला विलायतेला धाडणारीही मीच.

वच्छलेला जप. लोभ कमी करायला मी कारण दिले आहे, तरी करू नकोस.

तुझी अक्का

धुळे, ता. ६ मार्च

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

तिसरे पुस्तक वाचले. त्यात विशेष काही नाही. खेळ धोक्याचा आहे, अपघात होतात. दोष कोणाचाच नाही. अर्ज करू नये हे बरे. पुस्तके येथील वाचनालयास देऊन टाकते. माझी प्रकृती चांगली आहे. सर्वांस आशीर्वाद, लोभ ठेवावा.

अक्का

सावदा, ता. १४ मार्च

तीर्थस्वरूप अक्का यांस नमस्कार.

पन्नास वर्षांत तुझं इतकं गोड पत्र मला आलेलं नाही. त्यात एकालाही मूर्ख म्हटलेलं नाहीस. म्हणजे तू काहीतरी लपवते आहेस.

वकील म्हणतात, की तुमची बहीण नन्सच्या शाळेत वाढली, ती गोऱ्यांचीच बाजू घेणार. मी त्यांना म्हटलं, की नन्सही तिला घाबरायच्या. पण अर्ज लिहून तयार आहे, आणि त्यात त्या कप्तानाला नाव घेऊन खुनी म्हटलं आहे. माझ्या सहीचीच वाट आहे.

स्क्रम कोसळली तर काय होतं, याचं पान त्या पुस्तकात असणारच. ते जसंच्या तसं मराठीत करून पाठव. तुला शालिग्रामची शपथ आहे. लोभाचं मागाहून बघू.

लीलाधर

धुळे, ता. २० मार्च

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

गेलेल्या पोराची शपथ घालतोस, मूर्ख आहेस. घे, हे गोड पत्र नाही.

पान एकशे बारा. ‘स्क्रम कोसळू लागली तर पुढच्या रांगेतील गड्याने झगडू नये. हनुवटी वर ठेवावी, अंग सैल सोडावे आणि छातीवर आडवे पडावे. त्यात कमीपणा नाही. जो पडायचे नाकारतो आणि डोके जमिनीत रोवून भार पेलतो, त्याच्या मानेवर सगळ्या जुटीचे ओझे येते.’

शेजारी पेन्सिलीने, मराठीत, त्याच्या अक्षरात लिहिले आहे, की कप्तानाने आज चौथ्यांदा सांगितले, स्वतः चिखलात पडून दाखवले, पण मला जमत नाही, जमीन जवळ आली की आबांचा आवाज येतो.

कप्तानाच्या पत्रातली ती ओळ मी मराठीत केली, पण मला ती समजली नव्हती. तुला ती शाबासकी वाटली, मलाही वाटली. तो बिचारा एवढेच सांगत होता, की इतके शिकवूनही तो पडला नाही.

हे मी तुझ्यापासून लपवणार होते. तालीम सोडून तुला दुसरे आहे काय, असे मनात आले. पण त्या कप्तानालाही आई असेल, आणि तीही वर्तमानपत्र वाचत असेल. ज्याने आपल्या पोरासाठी चार वेळा चिखलात अंग टाकले, त्याला मी खुनी म्हणू देणार नाही.

मान तू घडवलीस, त्या घोळक्यात मी ढकलले. नन्सनी मला इंग्रजी छड्या मारून शिकवले, पण याहून मऊ भाषांतर त्यांनी शिकवले नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

अक्का

सावदा, ता. २ एप्रिल

तीर्थस्वरूप अक्का यांस लीलाधरचा नमस्कार.

तुझी पत्रं मी नेहमी वच्छलेला मोठ्याने वाचून दाखवतो. हेही घेतलं, आणि पुढे काय आहे ते मला कळेपर्यंत वाचून झालं होतं. तिने पेन्सिलीची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, की शेवटी त्याला आवाज आला तोही तुमचाच. दुसऱ्या दिवशी ती फैजपूरला माहेरी गेली. ट्रंक बरोबर नेली. मी अडवलं नाही.

अर्ज फाडला. वकील रागावून जळगावला गेले. कप्तानाला तू चार ओळी लिही. काय लिहायचं ते मला सुचत नाही.

तालीम बंद करावी म्हटलं, तर पोरं पहाटे येऊन दारात उभी राहतात. काल दोघं लढत होती. खालच्याने डोकं मातीत रोवलं, मान ताणली, वरच्याने जोर लावला. मी ओरडलो, की सोड, आडवा पड. सगळी तालीम हसली. त्यांना वाटलं, वस्तादांनी पाच महिन्यांनी पहिल्यांदा थट्टा केली. त्यांच्यातला चिंधा तर मला म्हणाला, की आबा, तुम्हाला हसताना बघून बरं वाटलं. मी हसत नव्हतो. मी पुन्हा सांगितलं, की पड. पोरं पुन्हा हसली, आणि खालचा काही पडला नाही.

मला मूर्ख म्हणणारं आता तुझ्यावाचून कोणी उरलं नाही. तेवढा लोभ चालू ठेव.

लीलाधर