दोन्ही बाजूंना सारखंच

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि तुमचा राग, दोन्हींची प्रकृती कशी आहे ते सवडीने कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. गाडी जागेवर उभी आहे, आणि सध्या हीच मोठी आनंदाची बातमी आहे.

दोन महिन्यांपूर्वी मागच्या चाकांचे ब्रेक जुळवताना मी तुमच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि म्हणालो, की तुम्हाला आता कमी ऐकू येतं, चाक घासतंय की नाही हे तुम्हाला काय कळणार. तुम्ही हात पुसले आणि चहा अर्धा टाकून निघून गेलात. (तो कप आईने दोन दिवस विसळला नव्हता.) काम मी एकट्याने पुरं केलं. ड्रमच्या मागच्या भोकातून आतलं दातेरी चाक फिरवायचं, गाडीचं चाक घासू लागलं की दोन दात मागे यायचं, आणि मग दोन्ही बाजूंना सारखंच करायचं, हे तुमचे शब्द मला तोंडपाठ होते. उजवीकडे खालच्या दिशेने बारा दात फिरवल्यावर चाक घासलं, म्हणून डावीकडेही मोजून बारा दात खालच्याच दिशेने फिरवले. डावीकडे दिशा उलटी असते आणि तसं फिरवल्याने ब्रेक सैल होतो, हे कोणाला ठाऊक? (तुम्हाला होतं. पण तुम्ही घरी होतात.) डावं चाक घासायचं सोडून इतकं हलकं फिरू लागलं, की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दोन महिने सपाट रस्त्यावर काही जाणवलं नाही, त्याची फळं सोमवारी मिळाली. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तिला मागे बसवलं, गाडी फाटकाबाहेरच्या चढावर काढली, हँडब्रेक (तो मागच्याच चाकांना धरतो) ओढला आणि फाटक लावायला उतरलो. वळून बघतो तर गाडी आईला घेऊन सावकाश उलटी निघालेली. मी पुढून बॉनेट धरून तिच्याबरोबर ओढला गेल्यासारखा धावत होतो. (गाडी धरून थांबत नाही, हा अनुभव लिहून ठेवण्यासारखा आहे.) उताराच्या तळाशी चाललेल्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात ती जाऊन रुतली. दार उघडलं तर आई मांडीवर फाइल घेऊन शांत बसलेली, म्हणाली, "आज किती मऊ चालवलीस रे!" मोतीबिंदूमुळे तिला काही दिसलं नाही, या आनंदात मी देवाचे आभार मानले.

कळावे, लोभ असावा.

तुमचा भाचा

ता. क. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. काल ती म्हणाली, "मला दिसत नाही, पण पुढे जाणं आणि मागे जाणं कळतं. दादाने चाकाला हात लावल्याशिवाय मी त्या गाडीत बसणार नाही."

ता. क. दुसरा. तिने आणखी एक सांगितलं. तुम्हाला लहानपणापासूनच कमी ऐकू येतं. आयुष्यभर तुम्ही चाकाचं घासणं कानाने नाही, तळहाताने ओळखलंत. मला हे ठाऊक नव्हतं. गाडी जॅकवर चढवून ठेवली आहे.

ता. क. तिसरा. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं रामायण लिहिलंस, त्यात माफी कुठे आहे?" मामा, मी चुकलो. गाडीच्या बाबतीत आणि तुमच्या बाबतीत, दोन्ही बाजूंना सारखाच.