आठ वेळा, दहा सेकंदांत

९ जानेवारी, मंगळवार

पकडली गेले! एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

हॉगनांच्या घरी पार्सल द्यायला उतरले आणि गाडीला कुलूप लावलं नाही. वळून बघते तो मागे ड्वेनची गाडी. पोस्टमास्तर स्वतः! काच खाली करून म्हणाला, "आर्डिस, टपालाने भरलेली गाडी अशी उघडी टाकून जातेस?"

खोटं बोलवेना. सांगून टाकलं — थंडीत दाराचं कुलूप घट्ट होतं, संधिवाताने बोटं वळत नाहीत, त्यातून एका हातात पार्सल. हे दिवसातून चाळीस वेळा. पूर्वी रिमोटचं बटण दाबलं की चारही दारांना एकदम कुलूप लागायचं. ते रिमोट तीन वर्षं मेलेलं आहे.

"या महिनाअखेरपर्यंत काहीतरी कर," म्हणाला. "नाहीतर फेरी मार्कला द्यावी लागेल. तुझंही वय झालंच की आता."

वाईट माणूस नाही तो. म्हणूनच जास्त लागलं.

वय! चौसष्ट. बदलीवर येणाऱ्या त्या मार्कला कोणत्या घरचं कुत्रं कुठल्या बाजूने अंगावर येतं तेसुद्धा माहीत नाही.

११ जानेवारी, गुरुवार

पोस्ट सुटल्यावर गॅरेजात गेले. गॅरेजवाल्याने रिमोटमध्ये नवा सेल घातला. ढिम्म. "बावीस वर्षांची गाडी, बाई! याचे भाग मिळत नाहीत आता. विकून टाका."

विकून टाका म्हणे! आमच्या या नॉर्थ डकोटात सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. रस्त्याच्या उजव्या कडेच्या पेट्यांत बसल्या जागेवरून टपाल टाकायचं तर मला ते उजवीकडेच हवं. टपालवाल्यांना आपली गाडी आपणच आणावी लागते, आणि अशी दुसरी मिळायला जन्म जाईल.

घरी येऊन सूप प्यायले आणि रडले. पाच मिनिटं. मग भांडी घासली.

१४ जानेवारी, रविवार

चर्चमधून थेट वृद्धाश्रमात, सेल्मर नेसकडे. चाळीस वर्षं त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. आता सत्याऐंशीचे. बरोबर बटाट्याच्या पोळ्या नेल्या होत्या — लोणी-साखर लावून. त्यांनी पोळ्यांकडे पाहिलंही नाही. रिमोट बघितलं मात्र, डोळे असे चमकले!

"उघड ते," म्हणाले.

"मी? तुम्ही उघडा ना."

त्यांनी दोन्ही हात समोर धरले. पानासारखे थरथरत होते. "माझे हे असे. तुझे वाकडे. पण वाकडे हात स्थिर असतात, आर्डिस. उघड!"

भिंगातून पाहिलं. सेलला धरून ठेवणारी पट्टी जिथे जोडलेली, तिथे केसाएवढी चीर. पलंगाखालच्या खोक्यातून त्यांनी डाग द्यायची सळई काढली (ट्रिना नर्सला हे माहीत नाही). मी डाग देत होते, ते कानाशी ओरडत होते. "थांब! तापू दे! आता! अगं, एवढा नको, केक सजवतेस का!"

तिसऱ्या वेळी जमलं. त्यांच्याकडे हवेतले संदेश ऐकायचं एक जुनं यंत्र आहे. त्याच्याजवळ रिमोट धरून बटण दाबलं — खर्रर्र!

"बोलतंय," सेल्मर म्हणाले. मग पोळ्या संपवल्या. चारही.

बाहेर जाऊन गाडीवर दाबलं. काही नाही. रिमोट बोलतं, गाडी ऐकत नाही.

१५ जानेवारी, सोमवार

सुट्टी. उणे वीस. शेडमध्ये हीटर लावून ड्रायव्हरचं दार उघडलं. सेल्मर फोनवर. "दार आणि गाडी यांच्या मध्ये रबराची नळी आहे ना? सोलून काढ. दार उघडून-मिटून आतल्या वायरी तुटतात."

दोन तुटलेल्या! एक काळी, एक नारिंगी. जोडायला तीन तास लागले. बोटं बधिर. पण दाराच्या आतलं बटण दाबलं आणि — खटाक! चारही दारं!

मी शेडमध्ये एकटी ओरडले.

रिमोटचं मात्र गाडी अजूनही ऐकत नाही. सेल्मर म्हणाले, "विसरली असेल ती. पुन्हा ओळख करून द्यायला लागेल. पुस्तक वाच."

१६ जानेवारी, मंगळवार

गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. ओळख करून द्यायची रीत: गाडी चालू करायची किल्ली आठ वेळा पुढे-मागे फिरवायची. दहा सेकंदांच्या आत!

जे मला एकदा धड जमत नाही ते आठ वेळा. हसावं की काय करावं!

२१ जानेवारी, रविवार

आज.

सेल्मर म्हणाले, मी येणारच. ट्रिनाने त्यांना दोन कोट, तीन मफलर घालून वृद्धाश्रमाच्या दारातच माझ्या गाडीत आणून बसवलं. "पंधरा मिनिटं, आजोबा. पुढे एक मिनिट नाही." ती बाहेर पाय आपटत उभी.

सेल्मरच्या हातात घड्याळ. पहिल्यांदा — चार वेळा फिरली, बोट अडकलं. दुसऱ्यांदा सहा. तिसऱ्यांदा सहा, आणि अंगठ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी.

ट्रिनाने काच वाजवली. "द्या हो इकडे, मी फिरवते! दोन सेकंदांचं काम."

खरंच होतं. मदतही ती मनापासूनच करत होती. मी म्हटलं, "नको."

सेल्मरनी घड्याळ खाली केलं. मग हळूच, "बोटं विसर. तळहातांनी ढकल. एका हाताने पुढे, दुसऱ्याने मागे."

हातमोजे काढले. छाती स्टिअरिंगला टेकवली. ढकललं. एक. दोन. तीन. सेल्मर मोजतायत, आवाज चढतोय. पाच! सहा! सात!

आठ!

खटाक! — कुणी हात न लावता. चारही दारांची कुलपं आपणहून लागली आणि उघडली. गाडीने ओळखलं!

रिमोट दाबलं. खटाक. पुन्हा. खटाक. सेल्मर टाळ्या वाजवायला गेले, हात एकमेकांवर नीट बसेनात, म्हणून मांडीवर थापा मारत बसले. ट्रिना बाहेर नाचत होती — थंडीने की आनंदाने, देव जाणे.

"साडेनऊ सेकंद," सेल्मर म्हणाले. "फारच वेळ घेतलास."

२२ जानेवारी, सोमवार

त्रेचाळीस पार्सलं. त्रेचाळीस वेळा खटाक! वर आणखी सातदा, उगाचच.

ड्वेनसमोर दहा पावलांवरून कुलूप लावून दाखवलं. तो म्हणाला, "कुणी करून दिलं?"

"मी."

२९ जानेवारी, सोमवार

ड्वेनच्या टेबलावर राजीनामा ठेवला. पंधरा एप्रिल शेवटचा दिवस. तारीख माझी.

त्याने कागद दोनदा वाचला. "अगं, पण आता तर सगळं ठीक झालंय!"

म्हटलं, "म्हणूनच."