आवाज कमी करण्याची शेवटची पायरी

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे या खेपेस उभ्याउभ्याच). तुमचा गुडघा कसा आहे? मामी कशा आहेत हे विचारत नाही, कारण मी भेट दिलेला आमच्या कंपनीचा टॅबलेट त्या हातातून खाली ठेवत नाहीत आणि तुमचं जेवण रोज लांबतं, हे तुम्ही फोनवर सांगितलंतच. मामा, स्पष्टच बोलतो, राग मानू नका. अशा वस्तू या वयात डोक्यावरून जातात. चार दिवस बोटं फिरवतील आणि कंटाळतील.

आता माझं रामायण ऐका. आमची कंपनी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे डबे बनवते आणि त्यातला प्रत्येक खेळ किती अवघड असावा हे मी ठरवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच (मामींनी भर लग्नात पाहुण्यांना सांगितलं होतं, ‘हा अजून खेळण्यांतच आहे’. असो). हल्ली लोक टीव्ही बंद ठेवून टॅबलेट घेऊन लोळतात, म्हणून साहेबांनी फर्मान काढलं की आपणही टॅबलेट काढायचा. मीटिंग बसली. जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या, तो इतरांपेक्षा वेगळा हवा. आवाज विभागाच्या माणसाने प्रत्येक स्पर्शाला तुतारी मागितली (त्याला दुसरं काही येत नाही). मग मी उठलो. म्हटलं, इतरांच्या टॅबलेटवर सगळं आयतं मिळतं, त्यात कसली मजा? आपल्याकडे माणसाने प्रत्येक गोष्ट जिंकून घेतली पाहिजे! टाळ्या पडल्या हो मामा. साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तर आमच्या टॅबलेटवर खेळाची पहिली पायरी पार केली की कॅल्क्युलेटर उघडतो. दरी ओलांडली की पत्रव्यवहार. राक्षस मारला की कॅमेरा. आवाज कमी करणं आणि टॅबलेट बंद करणं या चैनीच्या गोष्टी, म्हणून त्या शेवटच्या पायरीपलीकडे.

परवा एका मोठ्या हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरीणबाई खरेदीसाठी आल्या. रुग्णांची माहिती ठेवायला त्यांना पुष्कळ टॅबलेट हवे होते. साहेबांनी ऐटीत स्वतः हातात घेतला आणि थेट दरीत पडले. तुतारी वाजली. टॅबलेट म्हणाला, ‘भित्र्या, पुन्हा ये!’ साहेब पुन्हा गेले, पुन्हा पडले. आवाज कमी होईना, टॅबलेट बंद होईना. शेवटी घामाघूम होऊन त्यांनी तो खुर्चीच्या गादीखाली दाबला आणि वर बसले. साहेबांच्या खालून तुतारी वाजत राहिली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘पेशंट दगावेपर्यंत नर्सने राक्षसच मारत बसायचं का?’

तुम्ही म्हणाल, मग ती कुलुपं काढून टाक ना गाढवा! मामा, कुलुपं काढण्याची सोयसुद्धा मी शेवटच्या पायरीपलीकडेच ठेवली आहे. आणि ती पायरी ऑफिसात कुणालाच जमत नाही. मलाही नाही. बाई जाताना म्हणाल्या, एक तरी साधा माणूस हे पार करतो असं सोमवारी दाखवा, मग पाहू. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, तसा माणूस आण, नाहीतर सोमवारी तू येऊ नकोस. या नोकरीशिवाय मला काही येत नाही हो. खरंच घाबरलोय.

आपला भाचा,
अवघडपणा विभागप्रमुख (सोमवारपर्यंत)

ता. क. : तुम्ही फोनवर सहज म्हणाला होतात की आता घरात तुतारी ऐकू येत नाही. मामा, म्हणजे मामींनी शेवटची पायरी पार केली! सोमवारी त्यांना पाठवा, पाया पडतो. वर वयाबद्दल जे लिहिलंय तो परिच्छेद वाचून झाल्यावर फाडून टाका.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच साहेबांचा फोन आला. मामींनी स्वतःच कंपनीच्या तक्रार विभागात फोन केला होता म्हणे. तक्रार अशी की शेवटची पायरी फारच सोपी आहे, कुणा आळशाने केलीय. साहेब खूश आहेत. सोमवारी मामी येताहेत, माझ्याच खुर्चीवर, कायमच्या. तेव्हा मामा, तुमच्या जेवणाची आबाळ आता वाढणार. मला स्वयंपाक येतो. साधाच, पण वेळेवर. सोमवारी सकाळीच येऊ का? तिखट किती घालायचं ते तुम्ही सांगा, ठरवण्याचं काम मी सोडलंय.