ध्रुवयान मंडळाची फाटाफूट

तीर्थरूप सौ. ताईस,

गुडघ्यांची परवानगी न घेता घातलेला साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींनी मीठ खरंच सोडलं, की सोडलं म्हणून नुसतं सांगतात, तेही कळव. त्यांची खालची कवळी सैल झाली असं तू मागे म्हणालीस. ती कवळी मी माझ्या हातांनी बनवली आहे, ती सैल होणं शक्य नाही. भावोजींचा जबडाच बारीक झाला असेल (तुझ्यासमोर बोलायची संधी न मिळाल्यामुळे वापर कमी, दुसरं काय). तरी पाठवून दे, बघतो.

यापुढे 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही, कारण क्षेम नाही. आमची ठकी नोकरीसाठी तुझ्याकडे राहायला आली त्याला महिना होत आला. या महिन्याभरात ती माझ्याशी बापाशी बोलावं तसं एक वाक्य बोललेली नाही. तिने तिची बाजू तुला सांगितली असेल आणि तू ती तिथल्या तिथे घेतलीही असशील. म्हणून माझी बाजू सविस्तर लिहितो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच 'बरं बरं' म्हणतेस आणि माझा मुद्दा तिथेच गळपटतो. कागदाला तोंड नसतं.

तुला 'ध्रुवयान' सिनेमा आठवत असेलच. पहिल्या भागाला तूच मला नेलं होतंस आणि मध्यंतरापर्यंत गाढ झोपली होतीस, तेव्हा तुझ्या मताला इथे जागा नाही. पण मूळ सात भाग काय होते ते ज्यांनी जागेपणी पाहिलं त्यांना विचार. यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या, कबूल. कॅप्टन टेकला की भिंत मागे सरकायची. पण भिंत सरकली तरी कॅप्टन सरकायचा नाही, अशी तेव्हाची माणसं. यंत्रमानव म्हणजे पाणी तापवायचा बंब होता आणि त्याच्या खालून आतल्या नटाचे बूट दिसायचे, हेही कबूल. (भविष्यात यंत्रंही पायात काहीतरी घालतील, असा आमच्या अध्यक्षांचा सिद्धान्त आहे. तो आजवर कुणी खोडून काढलेला नाही.) आणि उड्डाणाच्या वेळची उलटी मोजणी. दहापासून मोजता मोजता कॅप्टन पाचावरून थेट तीनवर यायचा. चार म्हणायचं तो नट विसरला, पुन्हा चित्रण करायला निर्मात्याला जमलं नाही, आणि पुढच्या सहाही भागांत मग तोच रिवाज पडला. आम्ही मंडळातले लोक गेली कित्येक वर्षं मोजतो ते तसंच. अध्यक्ष जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण 'ध्रुवयान' लागलं की तेही चार गाळतात. निष्ठा म्हणतात ती याला.

मंडळ म्हणजे कोण, तर अध्यक्ष, चष्मेवाले, लिफ्टमिस्त्री, मी आणि ठकी. बैठक माझ्याच कवळ्यांच्या कारखान्यात भरते. काम संपलं की मी मेणाचा स्टोव्ह विझवतो, प्लास्टरची पाटी बाजूला सारतो आणि फळीवर मांडलेल्या गिऱ्हाइकांच्या जबड्यांच्या साक्षीने आम्ही चर्चा करतो. ठकी सात वर्षांची असताना मी तिला सदस्य करून घेतलं. तिचे पाय तेव्हा स्टुलावरून खाली टेकत नव्हते, पण तिसऱ्या भागातले सगळे संवाद तिला पाठ होते. तेव्हापासून प्रत्येक जुना भाग आम्ही दोघांनी मांडीला मांडी लावून पाहिलेला आहे. अडचण एकच होती. कुठलाही वाद रंगात आला की ही 'बाबा, घरी चला ना' म्हणून तो बुडवायची. म्हणून मी नियम केला की बैठकीत नाती नाहीत, सगळ्यांनी सगळ्यांना 'सदस्य' म्हणायचं. नियम उत्तम होता. तो माझ्यावरच उलटेल हे मला कसं कळणार?

तर यंदा त्या सिनेमावाल्यांनी 'ध्रुवयान' नव्याने काढलं. याला रीबूट म्हणतात. संगणक अडला की बंद करून पुन्हा चालू करतात, तसं. पण अडलेल्याला पुन्हा चालू करावं. आमचं काय अडलं होतं? जाहिरात पाहूनच माझं डोकं फिरलं. यानाच्या भिंती लोखंडी. यंत्रमानव गुळगुळीत, वर त्याला भुवया. बूट नाहीत. आणि बातमी अशी की शेवटी कॅप्टन आपल्या माणसांसमोर उभा राहून 'माझं चुकलं' असं म्हणतो. ताई, सात भागांत कॅप्टनने कुणाची माफी मागितलेली नाही. पाचव्या भागात त्याने चुकून एक आख्खा ग्रह फोडला, तेव्हासुद्धा 'पुढे चला' एवढंच म्हणाला होता. मी तातडीची बैठक बोलावली आणि हा सिनेमा मंडळातला कुणीही पाहणार नाही, अशी शपथ सगळ्यांना घ्यायला लावली. ठकी त्या दिवशी कामात होती, म्हणून सुटली.

तिने माझ्यासाठी पहिल्या दिवसाचं तिकीट काढून ठेवलं होतं, हे मला शपथेनंतर कळलं. मी शपथेचं कारण सांगितलं. ती एका मैत्रिणीला घेऊन गेली. इथवर सगळं सुरळीत होतं. पण पुढच्या बैठकीत ती उठून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली की सिनेमा चांगला आहे, आणि ती माफीची जागा तर सगळ्यांत चांगली आहे. आता अध्यक्ष बसलेले, चष्मेवाले बसलेले, आणि माझंच रक्त माझ्याच कारखान्यात असं बोलतंय. मी उत्तराला उठलो. मुद्देसूद बोललो. भुवयांवर बोललो, बुटांवर बोललो, हल्लीच्या लेखकांच्या पाठीच्या कण्यावर बोललो. मी रंगात आलो आणि तिने मधेच विचारलं, "बाबा, तुम्ही पाहिलाय का तो?"

मी म्हणालो, "बैठकीत सदस्याने सदस्याला बाबा म्हणायचं नसतं."

ताई, नियम तोच होता. मी वेगळं काय सांगितलं? पण ती खाली बसली, आणि त्या क्षणापासून तिने मला सदस्य करून टाकलं. घरी, जेवताना, सगळीकडे. 'सदस्य, चहा झालाय.' 'सदस्य, तुमचा टॉवेल माझ्या खुर्चीवर आहे.' ठकीच्या आईलाही त्यात गंमत वाटायला लागली. सदस्यांना आमटी हवी का, असं मला पानावर विचारण्यात आलं. नोकरीवर रुजू व्हायला ती तुझ्याकडे निघाली, तेव्हा मी बॅग उचलून गाडीपर्यंत गेलो. खिडकीतून म्हणाली, 'येते, सदस्य.' मी हात हलवला. परत येताना बॅग नव्हती तरी हात जड झाला होता, हे तुला म्हणून लिहितो. आता आईशी फोनवर तासभर खिदळते आणि शेवटी मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, सदस्यांना नमस्कार सांग.

म्हणून मी सिनेमा पाहायला गेलो. गैरसमज करून घेऊ नकोस. मी पुरावा गोळा करायला गेलो. 'पाहिलाय का' हा जो तिचा एकमेव मुद्दा, तो मोडून काढायचा होता. आडवारी दुपारचा खेळ निवडला, कानटोपी घातली आणि अंधार झाल्यावर आत शिरून कडेच्या खुर्चीत बसलो. सुरुवातीला सगळं माझ्या अपेक्षेइतकंच वाईट होतं आणि मला फार बरं वाटत होतं. मग उड्डाण आलं. दहा, नऊ, आठ. ताई, इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप हलायला लागतं. सात, सहा, पाच, आणि पडद्यावरचा तो नवा पोरगेला कॅप्टन चक्क 'चार' म्हणाला, त्याच वेळी मी मोठ्यांदा 'तीन' म्हणालो.

मी एकट्याने म्हटलं असतं तर निभावलं असतं. पहिल्या रांगेतून शाळेतल्या खणखणीत आवाजात 'तीन' आलं. माझ्या मागून चष्मेवाल्यांचं सर्दीतलं 'तीन' आलं. वर बाल्कनीतून लिफ्टमिस्त्रीचं आलं. भरदुपारच्या त्या रिकाम्या थिएटरात आख्खं मंडळ कोरमसकट हजर होतं. त्यानंतर मध्यंतरापर्यंत कुणीही खोकलंसुद्धा नाही.

मध्यंतरात पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी गाठ पडलीच. अध्यक्ष म्हणाले, उकाडा फार आहे, थंड हवेसाठी आत आलो. चष्मेवाले म्हणाले, इथे थ्रीडीचे जे चष्मे देतात त्यांच्या काचा तपासणं हे माझं कर्तव्य आहे. (चष्मे देत नाहीत. सिनेमा साधा आहे.) लिफ्टमिस्त्री अवजारांची पिशवी घेऊन आला होता आणि लिफ्ट बघायला आलोय म्हणाला. त्या थिएटरात लिफ्टच नाही, जिना आहे. खोटं बोलायचं तर माणसाने घरून नीट जुळवून यावं. मी तरी सरळ सांगितलं की मी दुसऱ्याच सिनेमाला आलो होतो आणि दार चुकलो.

आणि एवढ्यावर भागतंय का? शेवटी ती माफीची जागा आली. कॅप्टन आपल्या माणसांसमोर उभा राहतो, बराच वेळ नुसता हातातली टोपी फिरवतो, आणि मग म्हणतो. पहिल्या रांगेत अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला. गणिताच्या मास्तरांनी. मी पाठीमागून स्पष्ट पाहिलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत मी खुलासा मागितला, तर ते वर तोंड करून म्हणाले, "वाईट नाहीये हो तो सिनेमा." माझा संताप अनावर झाला. चष्मेवाले माझ्या बाजूने, लिफ्टमिस्त्री त्यांच्या. अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. टेबलावर एका वकिलीणबाईंच्या जबड्याचा साचा वाळत ठेवलेला होता. त्याचे दोन तुकडे झाले आणि मला बाईंना पुन्हा बोलावून तोंड उघडायला लावावं लागलं. साचा बसेपर्यंत त्यांना बोलता येत नव्हतं, पण नजर वकिलाचीच होती.

तर मंडळ फुटलं. आता जुने ध्रुवयान मंडळ आणि नवे ध्रुवयान मंडळ अशी दोन मंडळं आहेत. दोन्ही माझ्याच कारखान्यात एकाच वेळी बसतात, कारण दुसरी जागा कुणाकडेच नाही. मधे जबड्यांची फळी आहे. चहा मात्र एकत्र होतो.

हे सगळं वाचून तुझ्या लक्षात आलं असेल की माझं कुठेही चुकलेलं नाही. तसं तू ठकीला समजावून सांगावंस, थोरली आहेस, तुझं ऐकेल. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. समजावू नकोस. तुझा आवाज चढतो आणि ती आणखी रुसेल.

ता. क. नव्याचा दुसरा भाग पुढच्याच महिन्यात लागतोय, दोन्ही एकदमच करून ठेवले होते म्हणे. तुमच्या गावातल्या थिएटरचा पडदा मोठा आहे असं ऐकतो. मी दोन दिवस तुझ्याकडे यावं म्हणतोय. ठकीला सहज विचारून बघ, ती कुणाबरोबर जाणार आहे का. नसेल तर माझी तयारी आहे म्हणावं. मी विचारलं असं सांगू नकोस. किंवा सांग. सांगच.

ता. क. पत्र पाकिटात घालून झाल्यावर हे आठवलं. परवा मी तो सिनेमा पुन्हा पाहून आलो (पुरावा पक्का करायला). थिएटरच्या व्यवस्थापकाकडे मी लेखी तक्रार करणार आहे. तिकीटखिडकीवरच्या माणसाने 'दोनच ना?' असं विचारलं आणि मीही 'हो' म्हणून गेलो. अशी माणसं नेमतातच कशाला? वर त्या दिवशी गर्दी. शेजारची खुर्ची रिकामी बघून दोघे-तिघे बसायला आले. सगळ्यांना मी सांगितलं, इथे माझी मुलगी आहे, पाणी आणायला गेलीये.